पानिपतातून परत आलेला पोरगा

सेमिस्टरचा निकाल लागला आणि चार विषय उडाले, की आपण कट्ट्यावर काय म्हणतो? पानिपत झालं. आपली टीम फायनलला हरली, पानिपत. गावातल्या सोसायटीच्या निवडणुकीत काकांचं पॅनल पडलं, तरी पानिपतच. अडीचशेहून जास्त वर्षं हा शब्द आपण वापरतोय. तो इतका गुळगुळीत झालाय, की त्यामागे खरंच एक दिवस होता आणि त्या दिवसात खरीखुरी माणसं सापडली होती, हे आपल्या लक्षातही येत नाही.

त्या माणसांपैकी एकाची गोष्ट आज सांगायची आहे. लढाईच्या दिवशी त्याचं वय होतं अठरा वर्षं अकरा महिने. म्हणजे आज असता तर तुमच्यासोबत एफवाय किंवा एसवायच्या वर्गात बसला असता. तो त्या दिवशी जिवंत राहिला, घरी परत आला आणि पुढे जवळपास चाळीस वर्षं जगला. इतिहासाच्या पुस्तकात तुम्ही त्याला भेटलेले आहात, पण वेगळ्या रूपात. तिथे तो मुत्सद्दी असतो, कारस्थानी असतो, साडेतीन शहाण्यांपैकी अर्धा असतो. त्याचं नाव बाळाजी जनार्दन भानू. आपण त्याला नाना फडणवीस म्हणतो.

दप्तर सांभाळणाऱ्या घरातला मुलगा

भानू कुटुंब मूळचं कोकणातल्या वेळासचं. हो, तेच वेळास, जिथे आता कासवांची पिल्लं समुद्रात जाताना बघायला पुण्या-मुंबईचे लोक गर्दी करतात. पहिले पेशवे बाळाजी विश्वनाथ यांच्यासोबत नानांचे आजोबा देशावर आले आणि १७१९ मध्ये दिल्लीच्या मोहिमेत मारले गेले. पेशव्यांनी या घराण्याकडे फडणिशी दिली. फडणीस म्हणजे राज्याचा जमाखर्च आणि दप्तर सांभाळणारा माणूस. आजच्या भाषेत अकाउंट्स, ऑडिट आणि रेकॉर्ड रूम, सगळं एकाच्या गळ्यात.

बाळाजीचा जन्म १२ फेब्रुवारी १७४२ चा, साताऱ्याचा. लहान वयात लग्न झालं. चौदा वर्षांचा असताना वडील गेले आणि फडणिशी त्याच्या अंगावर आली. प्रकृती नाजूक, स्वभाव भिडस्त, ओढा देवधर्माकडे. तलवारबाजी गाजवणारा हा मुलगा नव्हता.

१७६० मध्ये सदाशिवरावभाऊंची फौज उत्तरेकडे निघाली, तेव्हा बाळाजीही सोबत होता. त्याची आई रखमाबाई आणि बायको यशोदाबाई याही निघाल्या. फौजेच्या संरक्षणात तीर्थयात्रा घडेल असा हिशेब अनेक घरांनी केला होता. त्यामुळे त्या लष्करात लढणाऱ्यांच्या सोबत बायका, म्हातारी माणसं आणि यात्रेकरू असा मोठा लवाजमा होता. पुढे काय वाढून ठेवलंय याची कुणालाच कल्पना नव्हती.

पानिपतावर दोन्ही फौजा महिनोन् महिने समोरासमोर बसून राहिल्या. रसद तुटली. डिसेंबरात एका चकमकीत बाळाजीचे मामा बळवंतराव मेहेंदळे पडले. पुण्यात अप्पा बळवंत चौकात पुस्तकं घ्यायला तुम्ही गेला असाल, तर ते अप्पा बळवंत म्हणजे याच मामांचे चिरंजीव. छावणीत उपासमार सुरू झाली. माणसं आणि जनावरं दोन्ही मरत होती. एकोणिसाव्या वर्षाच्या उंबरठ्यावरचा हा मुलगा ते सगळं रोज बघत होता.

१४ जानेवारी १७६१

आपण ज्या तारखेला तिळगूळ वाटतो, त्याच तारखेची ही लढाई. बाळाजी भाऊसाहेबांच्या जवळपास होता. दुपारी पेशव्यांचे थोरले चिरंजीव विश्वासराव गोळी लागून पडले. विश्वासराव आणि बाळाजी एकाच वर्षी जन्मलेले, एकाच वाड्याच्या आसपास वाढलेले. त्यानंतर भाऊसाहेब गर्दीत दिसेनासे झाले आणि फौजेचा धीर सुटला. ज्याला जिकडे वाट दिसेल तिकडे तो पळाला.

बाळाजीही पळाला. घोड्यावरून कसाबसा पानिपत गावापर्यंत आला. तिथे सोबतच्या जाणत्या माणसाच्या सल्ल्याने त्याने घोडा आणि अंगावरचे चांगले कपडे टाकून दिले, कारण अंगावर श्रीमंती दिसली की मरण नक्की होतं. मग अंधारात पायी निघाला. वाटेत पाठलाग करणाऱ्यांनी सोबतची माणसं कापली. तो गवतात लपून वाचला. पायी चालायची सवय नसलेला हा मुलगा कित्येक कोस चालला. पोटात काही नाही म्हणून झाडाचा पाला खाल्ला. पुढे एका बैराग्याने खायला घातलं, रेवाडीत एका सज्जनाच्या घरी आसरा मिळाला. काही दिवसांनी बायको सुखरूप असल्याची खबर आली आणि दोघांची भेट झाली.

आई मात्र परत आली नाही.

थोडं थांबा आणि स्वतःला त्याच्या जागी ठेवून बघा. तुमच्या वयाचा मुलगा. मित्र डोळ्यांसमोर गेला, मामा गेला, आईला सोबत घेऊन आलो आणि तिला तिथेच ठेवून परतलो. दक्षिणेत आल्यावर बघतो, तर घराघरात रडारड. ज्यांच्या आधारावर उभं राहायचं ते नानासाहेब पेशवेही या धक्क्यातून सावरले नाहीत. त्याच वर्षी २३ जूनला पर्वतीवर त्यांचा अंत झाला. आणि या मुलाने काय करायचं होतं? दुसऱ्या दिवसापासून दप्तर उघडून जमाखर्च लिहायला बसायचं होतं.

भीती कागदावर उतरवणारा

इथे या मुलाने एक विलक्षण गोष्ट केली. त्याने स्वतःबद्दल लिहून ठेवलं. लहानपणापासून पानिपतातून परत येईपर्यंतची हकीगत. त्या काळात बखरी लिहिल्या जायच्या त्या राजांच्या आणि लढायांच्या. स्वतःच्या मनात काय चाललंय हे कुणी लिहीत नसे. नानांचं हे छोटंसं आत्मचरित्र मराठीतल्या अगदी सुरुवातीच्या आत्मचरित्रांत गणलं जातं. पुढे जॉन ब्रिग्ज नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने त्याचं भाषांतर केलं आणि १८२९ मध्ये ते लंडनच्या रॉयल एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकात छापलं गेलं.

वाचताना आपण चक्रावतो, कारण त्यात शौर्याचा आव नाही. तरुणपणी मनात येणारे वासनेचे विचार, त्याची वाटणारी लाज, देवाकडे वळण्याची धडपड, सगळं आहे. पानिपतातून आपण पळालो, लपलो, घाबरलो, हेही त्याने लपवलेलं नाही. आईचं दुःखही लपवलेलं नाही. समोर कुणी समुपदेशक नव्हता, तसा शब्दही नव्हता. होता तो कागद आणि बोरू. मनातलं बाहेर काढायला त्याला जे साधन माहीत होतं, ते त्याने वापरलं.

पण ही हकीगत पानिपतानंतर थोड्याच अंतरावर थांबते. त्यापुढे नाना जवळजवळ चाळीस वर्षं जगले, राज्य चालवलं, हजारो पत्रं लिहिली, लिहवली. स्वतःबद्दल असं मोकळं पुन्हा काही लिहिलं नाही.

साडेतीनातला अर्धा

पुढचं तुम्ही शाळेत शिकलाय. थोरल्या माधवरावांच्या काळात नाना कारभारात तयार झाले. ३० ऑगस्ट १७७३ ला नारायणराव पेशव्यांचा शनिवारवाड्यात खून झाला. त्यानंतर बारभाईंनी कारभार हाती घेतला आणि नाना त्यांतले प्रमुख होते. १८ एप्रिल १७७४ ला पुरंदरावर सवाई माधवरावांचा जन्म झाला आणि जेमतेम चाळीस दिवसांच्या बाळाच्या नावाने नानांनी राज्य सांभाळलं. जानेवारी १७७९ मध्ये वडगावला इंग्रजांना माघार घ्यावी लागली. १७८२ च्या सालबाईच्या तहानंतर पुढची वीस वर्षं इंग्रजांना मराठ्यांशी मोठं युद्ध करता आलं नाही. यात महादजी शिंद्यांची तलवार होती, तसं नानांचं डोकंही होतं.

तरी लोकांनी त्यांना काय म्हटलं? अर्धा शहाणा. सखारामबापू बोकील, देवाजीपंत चोरघडे आणि विठ्ठल सुंदर हे तीन पूर्ण शहाणे आणि नाना अर्धे. का? तर ते फक्त लेखणी चालवतात, तलवार चालवत नाहीत म्हणून. म्हणजे बुद्धी अख्खी, पण रणात उतरत नाही म्हणून अर्धे गुण कापले. नाना भित्रे होते असा शेरा तेव्हापासून आजपर्यंत नाटका-कादंबऱ्यांतून फिरतोय.

हा शेरा मारणाऱ्यांपैकी किती जणांनी झाडाचा पाला खाऊन पानिपत ते रेवाडी पायी कापलं होतं?

अडीचशे वर्षांनी मागे बघून नानांना अमुक आजार होता असं ठरवणं बरोबर नाही. ते डॉक्टरचं काम आहे आणि डॉक्टरलाही त्यासाठी समोर माणूस लागतो. पण ज्याने एवढं भोगलं त्याने पुन्हा रणधुमाळीपासून लांब राहायचं ठरवलं, तर त्याला भित्रा म्हणायचं की जखमी, हा प्रश्न आपण स्वतःला विचारू शकतो.

पानिपत पुन्हा दारात

अशा आठवणी एकदा घडून संपत नाहीत. नानांच्या बाबतीत तर पानिपत अक्षरशः दारात येऊन उभं राहिलं. भाऊसाहेबांचा मृत्यू अनेकांनी डोळ्यांनी पाहिला नव्हता. त्यांच्या पत्नी पार्वतीबाईंनी नवरा गेला हे कधीच मान्य केलं नाही, १७८३ मध्ये मरेपर्यंत त्या सौभाग्याची लेणी घालून राहिल्या. आज ज्या घरातला जवान बेपत्ता म्हणून नोंदवला जातो, त्या घरची बाई काय भोगत असेल हे पार्वतीबाईंकडे बघून थोडंसं कळतं.

या अधांतरी अवस्थेचा फायदा एका तोतयाने घेतला. मीच भाऊसाहेब म्हणत तो उभा राहिला. १७७६ मध्ये तो कैदेतून सुटला, कोकणातले किल्ले त्याच्या हाती गेले, हजारो लोक जमले. लोकांना तो खरा वाटत होता, कारण लोकांना तो खरा हवा होता. हे बंड मोडून त्याची चौकशी करायची जबाबदारी कारभारी म्हणून नानांवर आली. ज्या माणसाला शेवटचं आपण रणात जवळून पाहिलं, तोच मी, असं म्हणणाऱ्याची चौकशी! पंधरा वर्षांपूर्वीच्या त्या दुपारचे सगळे कागद पुन्हा उघडले गेले. डिसेंबर १७७६ मध्ये तोतयाला देहदंड झाला. त्या रात्री नानांना झोप लागली का, हे कुठल्याच दप्तरात सापडत नाही.

आपल्या वेशीवरचा खर्डा

आता आपल्या भागात येऊ. पाटोदा ओलांडून पलीकडे गेलात की जामखेड तालुक्यात खर्डा लागतं. जिल्हा अहिल्यानगर, पण बाजार आणि सोयरीक आपल्याशी. तिथे निंबाळकरांचा भुईकोट किल्ला अजून उभा आहे. तेव्हा बीड निजामाच्या मुलखात होतं आणि ११ मार्च १७९५ ला याच भागात निजाम आणि मराठे समोरासमोर आले. निजाम हरला, खर्ड्याच्या किल्ल्यात अडकला, पाण्यावाचून हाल झाले आणि शेवटी मराठ्यांच्या अटींवर तह करावा लागला. बहुतेक सगळे मराठा सरदार एका झेंड्याखाली आलेली ही शेवटची मोठी लढाई.

५३ वर्षांचे नाना त्या छावणीत होते. लढाईचं नेतृत्व परशुरामभाऊ पटवर्धनांकडे होतं. नाना मागे तंबूत बसून पत्रं, पैसा आणि तह सांभाळत होते. पानिपतानंतर ३४ वर्षांनी त्यांनी असा विजय पाहिला.

सोबत २० वर्षांचा पेशवा होता, सवाई माधवराव. जन्मापासून नानांच्या देखरेखीखाली वाढलेला. नानांची देखरेख कडक होती. कोण भेटतं, कुणाची चिठ्ठी येते, सगळ्यावर नजर. खर्ड्याच्या विजयानंतर काही महिन्यांतच शिवनेरीवर नजरकैदेत असलेल्या चुलत घराण्यातल्या बाजीरावाशी त्याचा गुप्त पत्रव्यवहार उघड झाला आणि बंधनं आणखी आवळली गेली. २५ ऑक्टोबर १७९५ ला हा तरुण पेशवा शनिवारवाड्याच्या वरच्या मजल्यावरून खाली पडला आणि दोन दिवसांनी गेला. तापाच्या भ्रमात तोल गेला की त्याने स्वतःहून जीव दिला, यावर इतिहासकारांचं आजही एकमत नाही. तो त्या दिवसांत मनाने खचलेला होता, हे मात्र बहुतेक सगळे सांगतात.

नानांची बाजू घ्यायची तर एवढंच म्हणता येईल, की ज्याने एकदा सगळं गमावलंय तो माणूस पुढे सगळं मुठीत धरून ठेवतो. गाफील राहिलो की सर्वनाश होतो, हे पानिपताने त्याला शिकवलेलं असतं. पण ती मूठ ज्याच्याभोवती आवळली जाते, त्या पोराचं काय? न बोललेली जखम एकट्या माणसापुरती राहत नाही. घरातल्या पुढच्या पिढीला तिची झळ बसते.

सवाई माधवरावांनंतर नानांचीही घसरण झाली. १७९७ च्या शेवटच्या दिवशी त्यांना दगाफटक्याने कैद करण्यात आलं आणि नगरच्या किल्ल्यात ठेवलं गेलं. १७९८ मध्ये सुटका झाली, पुन्हा कारभारात आले, पण आता शरीर थकलं होतं. १३ मार्च १८०० ला पुण्यात त्यांचं निधन झालं. वाईजवळ मेणवलीला त्यांचा वाडा आणि घाट आजही बघायला मिळतो. हिंदी सिनेमावाले तिथे शूटिंग करतात.

आता आपल्या गावातले मेजर

एवढा इतिहास कशासाठी? कारण पहाटे पाचला बीडच्या कुठल्याही रस्त्यावर जा, भरतीसाठी पळणारी पोरं दिसतात. १६०० मीटरचं टायमिंग हाच त्यांच्या आयुष्याचा प्रश्न असतो. ऊसतोड आणि दुष्काळ यांतून बाहेर पडायची ही सरळ वाट वाटते. तुमच्या वर्गातही दोन-चार जण तयारी करत असतील. अग्निवीर झालेला मित्र चार वर्षांनी परत येईल तेव्हा तो तेवीस-चोवीसचा असेल. आणि गावात निवृत्त होऊन आलेले असतातच. हुद्दा कुठलाही असो, आपण सगळ्यांना मेजर म्हणतो. बहुतेक जण चाळिशीच्या आसपास परत आलेले असतात. १५ ऑगस्टला त्यांना शाळेत बोलावतो, शाल-श्रीफळ देतो, एखादा किस्सा सांगायला लावतो. किस्सा शौर्याचा असावा अशी आपली अपेक्षा असते.

बाकीचे ३६४ दिवस काय असतं? दिवाळीत फटाका वाजला की कुणी दचकून उठतं. कुणी रात्रभर ओट्यावर बसून राहतं. कुणी पोरांवर क्षुल्लक कारणाने भडकतं. कुणी लग्नाकार्यात गर्दीत जाणं टाळतं. कुणी संध्याकाळ झाली की बाटली जवळ करतं. आणि घरचे म्हणतात, फौजीच आहे, त्याचा स्वभावच कडक.

प्रत्येक कडक स्वभावामागे आजार असतो असं नाही. पण काही वेळा असतो. पहिल्या महायुद्धात, १९१५ च्या सुमारास, डॉक्टरांनी याला शेल शॉक म्हटलं. तेव्हा अशा सैनिकांना भित्रे ठरवून काहींना शिक्षाही झाल्या. व्हिएतनामच्या युद्धातून परतलेल्या अमेरिकी सैनिकांचे हाल बघितल्यावर, १९८० मध्ये पोस्ट ट्रॉमॅटिक स्ट्रेस डिसऑर्डर, म्हणजे पीटीएसडी, हे नाव अमेरिकेतल्या मानसोपचाराच्या अधिकृत यादीत आलं. त्याची ओळख साधारण अशी: नको असताना प्रसंग पुन्हा पुन्हा डोळ्यांसमोर येणं, तेच स्वप्न पडणं, त्याची आठवण करून देणारी जागा, माणसं, बातम्या टाळणं, सतत सावध, चिडलेलं राहणं, झोप न लागणं, आपण वाचलो आणि सोबती गेला याचा अपराधी भाव, जवळच्या माणसांबद्दलही काही न वाटणं. हे महिन्याहून जास्त टिकलं आणि रोजचं जगणं अडू लागलं, तर मदत घ्यायची वेळ आलेली असते. आणि हे फक्त बंदूक चालवणाऱ्यालाच होतं असं नाही. ड्रायव्हर, नर्सिंग असिस्टंट, स्वयंपाकी, कुणालाही होऊ शकतं. पानिपतावर आपला नायकही फडणीसच होता.

मग जवान बोलत का नाहीत? कारण अर्धा शहाणा म्हणणारे लोक अजून आहेत. शिवाय एक व्यवहारी भीती असते. लष्करात प्रत्येकाची शेप नावाची वैद्यकीय श्रेणी असते आणि त्यातलं पहिलंच अक्षर मानसिक आरोग्याचं. श्रेणी खाली गेली की पोस्टिंग आणि बढतीवर परिणाम होतो, म्हणून सेवेत असताना माणूस गप्प राहतो. ही भीती खोटी नाही, तिला हसू नका. पण श्रेणी कायमचीच खाली राहते असंही नाही, उपचारानंतर फेरतपासणी होते. आणि निवृत्त झालेल्या माणसाला तर गमावण्यासारखं काहीच उरलेलं नसतं, तरी सवयीने तो गप्पच राहतो.

खरं म्हणजे आज नानांच्या काळापेक्षा कितीतरी जास्त हाताशी आहे. समुपदेशक म्हणजे उपदेश करणारा माणूस नाही. तो आधी ऐकतो. आघातावरच्या उपचारात त्या प्रसंगाकडे हळूहळू, सुरक्षितपणे, माणसाला झेपेल तेवढंच परत बघायला शिकवतात, जेणेकरून आठवण राहते पण तिचा ताबा सुटतो. गरज असेल तर औषधं असतात. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने उपचारांची माहिती गुप्त ठेवण्याचा हक्क दिला आहे आणि मानसिक आजाराला शारीरिक आजाराच्या बरोबरीने वागवायला सांगितलं आहे.

बोलायचं कुठे?

टेले-मानसचा नंबर १४४१६. फोन मोफत, चोवीस तास, मराठीत बोलता येतं. डिसेंबर २०२३ मध्ये पुण्याच्या एएफएमसीमध्ये सैन्यदलातले जवान आणि त्यांच्या कुटुंबीयांसाठी याचा खास कक्षही सुरू झाला. फोन जवानानेच करायला हवा असं नाही. त्याची बायको, मुलगी, भाऊ यांनीही केला तरी चालतो.

समोर बसून बोलायचं असेल, तर बीडचं जिल्हा रुग्णालय आहे, अंबाजोगाईला स्वामी रामानंद तीर्थ वैद्यकीय महाविद्यालयाचं रुग्णालय आहे. पेन्शनधारक माजी सैनिकांना ईसीएचएसच्या कार्डावर मानसोपचारही घेता येतात. कागदपत्रांची अडचण असेल तर जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात विचारा.

आणि तुम्ही काय करायचं? तुम्ही डॉक्टर नाही, व्हायचा प्रयत्नही करू नका. किती मारले, असं कधीही विचारू नका. रील बनवायला किस्सा मागू नका. शेतावर, चहाच्या टपरीवर, सोबत बसा. झोप लागते का, एवढं विचारा. बोलू लागले तर मध्ये तोंड घालू नका, दारू सोडा नि देवाचं नाव घ्या असले सल्ले देऊ नका. नाही बोलले तर नंबर मोबाईलमध्ये सेव्ह करून द्या आणि पुन्हा आठ दिवसांनी जा. गरज वाटली तर दवाखान्यात सोबत चला, रांगेत नंबर तुम्ही लावा. मात्र जगण्यात अर्थ नाही असं काही बोलले, तर ते हसण्यावारी नेऊ नका. त्यांना एकटं सोडू नका, घरच्यांना सांगा, लगेच फोन करा.

भरतीची तयारी करणाऱ्या मित्रालाही हे आत्ताच सांगून ठेवा. छाती, उंची, धावणं यांची तयारी तो करतोच आहे. मनावर ताण आला तर कुणाशी बोलायचं, तेही त्याला निघण्यापूर्वी माहीत असू दे.

एखाद्या रविवारी गाडी काढून खर्ड्याला चक्कर मारा. बुरुजावर उभं राहून सेल्फी घ्या, हरकत नाही. पण परत येताना गावातल्या मेजरांच्या ओट्यावर थोडा वेळ बसा. खर्डा बघून आलो, एवढंच सांगा. पुढचं कदाचित ते सांगतील.